मोल्फ्रिडच्या वाट्याचा अध्याय

स्कार्व बेटावरच्या प्रार्थनाघरात दर गुरुवारी संध्याकाळी बायबलचा अभ्यास चाले, आणि त्या हिवाळ्यात याकोबाचं पत्र वाचायचं ठरलं. ठरवलं अर्थातच ऑडलेफने. ऑडलेफ म्हणजे बेटावरच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. शाळा सुटली तरी त्याच्या बोटांवरचा खडू काही सुटला नव्हता. पत्राचे अध्याय पाच, तेव्हा पाच जणांनी एकेक घरी वाचून यायचा, त्यावर आपलं चिंतन मांडायचं आणि मग कॉफी, अशी त्याची आखणी होती. पहिले दोन अध्याय कोणालाही न दुखावता पार पडले. तिसरा कोणाकडे हे सांगण्याआधी ऑडलेफने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तिसरा मोल्फ्रिडकडे," तो म्हणाला.

कोणाला तरी खोकला आला. तो बघून दुसऱ्यालाही आला. दुकानवाली योरुन टेबलाखाली पडलेलं काहीतरी शोधायला वाकली, ती बराच वेळ वर आलीच नाही.

मोल्फ्रिडला त्याचा अर्थ घरी गेल्यावर कळला. बूटसुद्धा न काढता तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बायबल उघडलं, तिसरा अध्याय काढला आणि वाचून झाल्यावर खुर्चीत बसली. सगळा अध्याय जिभेवर होता. जीभ केवढीशी, पण अख्खं रान पेटवते. माणसाने हरतऱ्हेची जनावरं माणसाळवली, पण जिभेला आवर घालणं कोणाला जमलं नाही. असं बरंच काही.

"रेइदार," ती नवऱ्याला म्हणाली, "हे त्या मेल्याने मुद्दाम केलं."

रेइदार खिडकीशी बसून जाळ्याला गाठी मारत होता. "असेल," तो म्हणाला. रेइदारचं बोलणं साधारण एवढंच असे. त्याला बोलता येत नव्हतं असं नाही. लग्न झाल्यापासून त्या घरात बोलायला रिकामी जागाच सापडली नव्हती.

मोल्फ्रिडने सगळी उमर फेरीबोटीच्या कँटीनमध्ये काढली होती. बेटावरून शहरात जाणारं आणि शहरातून परतणारं प्रत्येक माणूस तिच्यासमोर कॉफीचा कप धरून उभं राही, आणि कप भरेपर्यंत काहीतरी सांगून जाई. वर्तमानपत्र बेटावर दुपारच्या बोटीने यायचं; तोवर लोकांचं मोल्फ्रिडवर भागे, आणि पुष्कळांचं म्हणणं होतं की नंतर वर्तमानपत्र उघडायची गरजही पडत नाही. खोटं ती कधी सांगत नसे. ऐकलेलं सांगे, पाहिलेलं सांगे, आणि दोन्हींच्या मधे जी फट राहील ती स्वतः बुजवून सांगे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिने अध्याय इतक्या वेळा वाचला की पानाचा कोपरा मऊ पडला. पहिल्यांदा रागाने वाचला. मग त्यात चुका शोधत वाचला. घोड्याच्या तोंडातल्या लगामाचं ठीक, पण जहाजाच्या सुकाणूचा दाखला वाचताना तिला वाटलं, या याकोबाला कधी पश्चिमेच्या वाऱ्यात आमच्या बोटीवर उभं करायला हवं होतं. मग ती एका जागी अडकली. त्याच तोंडाने आपण देवाची स्तुती करतो आणि त्याच तोंडाने माणसांना नावं ठेवतो, असं तो म्हणत होता. मोल्फ्रिडला गेला रविवार आठवला. शेवटचं गीत तिने सगळ्यांत मोठ्यांदा म्हटलं होतं, आणि मग दाराशी कोटाची बटणं लावता लावता, वरचं बटण लागायच्या आत, पाळकाच्या बायकोच्या नव्या पडद्यांचा निकाल लावून टाकला होता. गीत आणि पडदे यांच्यात तिने श्वाससुद्धा घेतला नव्हता.

ते तिला जरा लागलं. पण फार वेळ नाही, कारण नंतर तिची नजर वर गेली आणि तिला अध्यायाची पहिलीच ओळ दिसली. रागाच्या भरात ती ओळ ती आतापर्यंत ओलांडूनच जात होती. माझ्या भावांनो, तुमच्यातल्या फार जणांनी शिक्षक होऊ नये, असं तिथे लिहिलं होतं. शिक्षकांचा न्याय अधिक कडक होणार आहे.

मोल्फ्रिड एवढी हसली की रेइदारने गाठ सोडून वर पाहिलं.

"काय झालं?"

"याकोब चांगला माणूस आहे," ती म्हणाली. "जिभेकडे वळायच्या आधी त्याने मास्तरांना घेतलंय."

आणि त्या हसण्यातच तिच्या डोक्यात ते आलं. नुसतं चिंतन कशाला मांडायचं? ती याकोबाचं सांगणं करून दाखवणार होती. पुढच्या गुरुवारपर्यंत, जो माणूस समोर नाही त्याच्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. बरा नाही, वाईट नाही, कसलाच नाही. मग सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं: जिभेला आवर घालणं कोणाला जमलं नाही म्हणतो ना हा, मला जमलं. ऑडलेफचा चेहरा बघण्यासारखा होईल.

पहिला दिवस फार अवघड गेला. हवेबद्दल बोलून झालं, रेइदारच्या गुडघ्याबद्दल बोलून झालं, मग तिच्या लक्षात आलं की आपल्याकडे विषयच उरलेला नाही. तिने भांड्यांचं कपाट आवरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आवरलं. फोन आले की ती "हो का" आणि "बरं बरं" म्हणे, आणि पलीकडचं माणूस बुचकळ्यात पडून लवकर ठेवून देई.

सोमवारी ती दुकानात गेली. योरुन गल्ल्याशी वाटच बघत होती.

"बरं झालं आलीस," योरुन आवाज खाली आणून म्हणाली. "मला एक सांग. आपले मास्तर दर मंगळवारी दुपारच्या बोटीने शहरात जातात, ते शेवटच्या बोटीने येतात. हातात कापडी पिशवी. मी विचारलं तर म्हणाले, कामं असतात. तुला काय वाटतं?"

खरं तर मोल्फ्रिडला पुष्कळ वाटत होतं. त्या पिशवीवर तिचीही नजर बरेच आठवडे होती. तिने ओठ दाबले.

"ऑडलेफबद्दल मी काही बोलणार नाही," ती म्हणाली. "यीस्टचं पाकीट दे."

"काहीच नाही?"

"एक शब्द नाही."

योरुनच्या हातातलं पाकीट हवेतच राहिलं. ती मोल्फ्रिडला शाळेत असल्यापासून ओळखत होती. बोट खडकावर चढली तेव्हा मोल्फ्रिड बोलली होती. पाळकाचा मुलगा घर सोडून गेला तेव्हा बोलली होती. आणि आता मास्तरांचं नाव काढल्यावर ही बाई ओठ दाबते आणि यीस्ट मागते.

"म्हणजे एवढं वाईट आहे," योरुन हळूच म्हणाली.

"मी काहीही म्हटलेलं नाही."

"तेच तर," योरुन म्हणाली, आणि तिचे डोळे पाण्याने भरले.

संध्याकाळपर्यंत बेटाच्या दक्षिण टोकाला ठाऊक झालं होतं की मास्तरांना काहीतरी गंभीर झालं आहे आणि शहरातल्या इस्पितळात उपचार चालू आहेत. उत्तर टोकाला बातमी जरा उशिरा पोचली, म्हणून तिथे ती जास्त पिकलेली होती: इस्पितळ नाही, कोर्ट. लोक मोल्फ्रिडला फोन करून खात्री करून घेत. ती म्हणे, मी काही बोलणार नाही, आणि लोक आभार मानून फोन ठेवत. तिला वाटे, अरे देवा, मी तर गप्प आहे. पण खरं सांगायचं तर, ती मनातून जरा खूशही होती. न बोलता एवढं होतं हे तिला आजवर माहीत नव्हतं.

बुधवारी दुपारी दार वाजलं. ऑडलेफ उभा होता, डोक्यावरची टोपी हातात.

"आत येऊ?"

मोल्फ्रिडने कॉफी ठेवली. रेइदार पलीकडच्या खोलीत होता. दार अर्धं उघडं होतं, पण रेइदार घरात असला काय आणि नसला काय, कोणी कधी धरतच नसे.

"मोल्फ्रिड," ऑडलेफ म्हणाला, "काल कोणीतरी माझी लाकडं फोडून, रचून ठेवली. दाराशी दोन घरांतून फिशकेक आले. योरुनने सुटे पैसे देताना माझा हात धरला, तो सोडेचना. आणि आज सकाळी पाळकाचा फोन आला की त्यांचं दार माझ्यासाठी केव्हाही उघडं आहे. तू माझ्याबद्दल काय सांगत सुटली आहेस?"

"काही नाही."

"हो, सगळे तेच म्हणतायत. तू काहीच सांगत नाहीयेस. योरुन म्हणाली, मास्तर, मोल्फ्रिडसुद्धा बोलायला तयार नाही. हे तिने मला मी मेल्यासारखं सांगितलं."

मोल्फ्रिडने त्याला आपला नियम सांगितला. ऑडलेफने तो ऐकून घेतला, पण त्याच्या चेहऱ्यावरून विश्वास बसल्याचं दिसेना. शाळेत पोरांची कारणं ऐकताना तो असाच बसत असणार.

"तू समोर बसला आहेस," ती म्हणाली, "तेव्हा तुझ्याशी तुझ्याबद्दल मी बोलू शकते. आधी मला सांग, हा अध्याय माझ्याकडे मुद्दाम दिलास ना?"

"पाच अध्याय, पाच माणसं. टेबलाभोवती बसला होतात त्या ओळीने दिले." त्याने कॉफी ढवळली. तो साखर घेत नसे. "ओळ कुठून सुरू करायची ते मी ठरवलं."

"वाटलंच."

"आता तू सांग. कोणाकडून कळलं तुला? बोटीवर कोणी बोललं?"

"काय कळलं?"

"मोल्फ्रिड, आता पुरे. तुला माहीत नाही असं बेटावर कधी काही घडलंय का? मला फक्त एवढंच सांग, नाचाबद्दल तू कोणापाशी बोलली आहेस का?"

"नाच?" मोल्फ्रिड म्हणाली.

ऑडलेफने डोळे मिटून घेतले. काय झालं ते त्याच्या लक्षात आलं, पण शब्द निघून गेला होता.

मग त्याने सगळंच सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात थोरल्या नातीचं लग्न झालं. जेवणं झाल्यावर वादक आले, नात पांढऱ्या झग्यात त्याच्यासमोर आली आणि तिने हात पुढे केला. तो म्हणाला, मला येत नाही गं, आमच्या घरात नव्हतं ते. ती दुसऱ्या आजोबांकडे गेली. मग ते दोघं नाचले आणि ऑडलेफ भिंतीला टेकून केकची बशी धरून बसला. येत्या उन्हाळ्यात धाकटीचं लग्न होतं. म्हणून तो मंगळवारी शहरात जुन्या पद्धतीचे नाच शिकायला जात होता, आणि पिशवीत होते ते चामड्याच्या तळव्याचे बूट.

"माझ्या आजोबांनी प्रार्थनाघराच्या पायाचे दगड पाठीवर वाहिले," तो म्हणाला. "त्यांच्या मते अकॉर्डियनच्या पेटीत सैतान झोपतो. आणि मी आता त्याच घरात मास्तरकी करतो, आणि मंगळवारी..."

मोल्फ्रिडच्या तोंडात गेल्या कित्येक वर्षांतली सगळ्यांत चांगली बातमी होती, आणि तोंडाला कुलूप तिने स्वतःच घातलं होतं. तिने त्याला वॅफल वाढली, वर तपकिरी चीजचे दोन काप ठेवले, आणि म्हणाली, "माझ्याकडून बाहेर जाणार नाही."

गुरुवारी प्रार्थनाघरात एरवीच्या दहाबारा माणसांच्या जागी एवढे लोक आले की मागच्या खोलीतून बाकं आणावी लागली. मोल्फ्रिड आत शिरली आणि माणसांच्या तोंडांवरून तिची नजर फिरली. हे आजाऱ्याला भेटायला आलेल्यांचे चेहरे नव्हते. दोन बायका एकमेकींच्या बुटांकडे बघून हसू दाबत होत्या. मागच्या बाकावर कोणीतरी बोटांनी लाकडावर ताल धरला होता, एक दोन तीन, एक दोन तीन.

यांना कळलं होतं.

ऑडलेफ भिंतीशी बसला होता. ती जवळून गेली तेव्हा तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "एक दिवस, मोल्फ्रिड. एक दिवस तरी."

मोल्फ्रिडने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला सकाळ आठवली. रेइदार मासे वाटायला म्हणून गेला होता, तो दुपार झाली तरी परतला नव्हता. आला तेव्हा अंगाला चार घरच्या कॉफीचा वास येत होता, आणि तो शीळ घालत होता. रेइदार, शीळ. नाव तिच्या ओठांपर्यंत आलं. पण रेइदार तिथे नव्हता. रेइदार घरी जाळ्याशी बसला होता.

तिने तोंड मिटलं.

आयुष्यात न केलेल्या गोष्टीचा आळ तिच्यावर पहिल्यांदाच येत होता. केलेल्या गोष्टींचे पुष्कळ येऊन गेले होते, पण त्यांची तिला सवय होती. हे वेगळंच होतं. तिचे कान तापले. पुढे जाऊन तिने बायबल उघडलं. सांगायला म्हणून जे घोकून आणलं होतं, जिभेला कसं जिंकलं वगैरे, ते सगळं तिला एकदम शिळं वाटायला लागलं.

तिने अध्याय वाचला. पहिली ओळ मात्र तिने जरा सावकाश वाचली, तेवढं केल्यावाचून तिला राहवलं नाही. मग पुस्तक मिटलं.

"मी एक आठवडा समोर नसलेल्या माणसाबद्दल बोलले नाही," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, मी इथे येऊन मिरवीन. पण मी गप्प बसले आणि एका धडधाकट माणसाला तुम्ही इस्पितळात टाकलंत, मग कोर्टात उभं केलंत. योरुन, खाली बघू नकोस, मीही त्यात आहे. मी ओठ असे दाबत होते की बघणाऱ्याला वाटावं, आत केवढं आहे. याकोबाने जिभेबद्दल लिहिलं, ओठ दाबण्याबद्दल लिहायचं राहून गेलं त्याचं. त्याच्या मंडळीत अशी बाई नसावी." कोणीतरी हसलं. ती हसली नाही. "आणि दुसरं असं की मी पत्र वाचताना प्रत्येक ओळीला इथला एकेक चेहरा चिकटवत होते. ही ओळ त्याची, ती ओळ तिची. माझी ओळ कोणती ते मला सगळ्यांत शेवटी सापडलं, आणि तीही पडद्यांवरून. ते मी सांगणार नाही. पाळकाची बायको इथे नाही."

"पण मास्तरांचं ते खरं का?" मागून योरुनने विचारलं. "नाचाचं. तूच सांगितलंस म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"सगळेच."

"मी सांगितलेलं नाही," मोल्फ्रिड म्हणाली. "आणि कोणी सांगितलं ते मी सांगणार नाही."

ऑडलेफने पहिल्यांदा वर पाहिलं. खोलीत कोणाचाच विश्वास बसला नव्हता, हे तिला दिसत होतं. तिने मान खाली घातली नाही, पण बायबलाच्या पाठीवर तिची बोटं घट्ट झाली.

तेवढ्यात पुढच्या खुर्चीतून आवाज आला. बोर्गहिल्डमावशी बेटावरची सगळ्यांत म्हातारी, जवळपास बहिरी, आणि आपण कुजबुजतो आहोत अशी तिची समजूत असे.

"मला रेइदारने सांगितलं," ती म्हणाली. "कॉड मासा घेऊन आला होता. साफ करून दिला आणि बसून सगळं सांगितलं. लग्नाचं, केकच्या बशीचं. फार छान सांगितलं हो. मधे योग्य जागी थांबलासुद्धा."

"आमच्याकडे पण रेइदारच आला होता," एक जण म्हणाला.

"आमच्याकडेही," दुसऱ्या बाकावरून आलं. "आम्हाला वाटलं, मोल्फ्रिडनेच पाठवलाय."

ऑडलेफ मोल्फ्रिडकडे बघत राहिला. मग तो उठला, शाळेत उठायचा तसा, दोन्ही हात समोरच्या बाकावर टेकवून.

"खरं आहे," तो म्हणाला. "मी नाचायला जातो. वॉल्ट्झ येतो. पोल्का येत नाही. कोणाला प्रार्थनाघराच्या दृष्टीने काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा, मी समोर आहे."

बोर्गहिल्डमावशीने शेजारणीकडून तो काय म्हणाला ते कानात वदवून घेतलं आणि मान हलवली.

"पोल्काला गुडघे सैल लागतात. तुझे पोरपणापासून ताठ आहेत. आम्ही नाचायचो बोटघरात, प्रार्थनेनंतर, दार लावून. तुझ्या आजोबांना अकॉर्डियन ऐकू येऊ नये म्हणून बाहेर एकाला मुद्दाम लाकडं फोडायला बसवायचो."

"अकॉर्डियन कोण वाजवायचं?" योरुनने तिच्या कानाशी ओरडून विचारलं.

मावशी मोल्फ्रिडकडे बघून हसली. "ते नाही सांगायचं. तो इथे नाही. कुंपणापलीकडच्या दफनभूमीत पुरलाय."

ऑडलेफचा रंग उतरला. "मावशी," तो म्हणाला, "दफनभूमीत कुठे? आमच्या घराण्याच्या जागेत?"

"वॅफल आण मला," बोर्गहिल्डमावशी म्हणाली. "चीज जास्त घाल."

त्यापुढे अभ्यासाचं काही झालं नाही. कॉफी संपली, पुन्हा केली. जाताना ऑडलेफने दाराशी मोल्फ्रिडला गाठलं. माफी मागणं त्याला जमत नव्हतं, हे सगळ्या बेटाला माहीत होतं; त्याने तिचा कोट खुंटीवरून काढून धरला आणि तिचे दोन्ही हात बाह्यांत जाईपर्यंत धरून ठेवला. "चांगला मांडलास अध्याय," तो म्हणाला. "पहिली ओळ जरा जास्तच सावकाश वाचलीस."

"छापलेलं होतं तसं वाचलं," मोल्फ्रिड म्हणाली.

घरी रेइदारने दिवा लावला होता आणि बटाटे उकडून ठेवले होते. मोल्फ्रिड त्याच्यासमोर उभी राहिली. वाटेत तिने काय काय बोलायचं ते जुळवलं होतं, आणि ते पुष्कळ होतं.

"तू," ती म्हणाली.

"तू काही बोलत नव्हतीस," रेइदार म्हणाला. "घर फार शांत झालं होतं. मग बाहेर पडलो, तर लोक म्हणत होते मास्तर मरणार. म्हटलं, कोणीतरी खरं सांगायला हवं."

"चार घरी?"

"सात." तो थोडा लाजला. "पहिल्या घरी नीट जमलं नाही. लग्नाचं आधी सांगून टाकलं, मग नाचात काही मजा राहिली नाही. तिसऱ्या घरापासून जमायला लागलं."

मोल्फ्रिडने खुर्ची ओढली. तिला रागवायचं होतं, आणि ते ती उद्या नक्की करणार होती. पण रेइदारच्या तोंडावर असं काहीतरी होतं, जे तिने त्याच्या मोठ्यात मोठ्या माशावरही कधी पाहिलं नव्हतं.

"लग्न शेवटी ठेवायचं," ती म्हणाली. "आधी पिशवी, मग बोट. बाकी काय कळलं सात घरी?"

रेइदारने बटाटे निथळून टेबलावर ठेवले, लोणी जवळ ओढलं आणि घसा साफ केला. "उत्तर टोकापासून सुरू करू का," त्याने विचारलं, "की बंदरापासून?"